शेततळ्याच्या काठावरची ट्यूब



ट्रॅक्टरच्या मागच्या टायरची ट्यूब यंदा बदलली. १३.६-२८ मापाची, तीन ठिकाणी पंक्चर जोडलेली. आबा म्हणाले, "काय कामनी शे आते? इकी टाक भंगारम्हा." मी विकली नाही. ती आता हवा भरून शेततळ्यावर टांगलेली आहे. कारण सांगतो.

मार्चातली गोष्ट. फूटव्हॉल्व्हमध्ये शेवाळ अडकलं म्हणून काढायला गेलो. आमचं तळं ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल, ५०० मायक्रॉनचा कागद. पाणी निम्म्यावर आलेलं. कागदावर पाय घसरला आणि थेट पाण्यात. मला पोहता येतं, लहानपण विहिरीतच गेलं. म्हणून आधी घाबरलो नाही. काठाला आलो तर कागदावर हातच ठरेना. विहिरीला कपारी असतात, पायऱ्या असतात. शेततळ्याला नुसता उतार, त्यावर कागद आणि कागदावर शेवाळ. दोनदा गुडघ्यावर चढलो, दोनदा परत खाली.

घरच्या बाई शेजारीच कांद्यात होत्या. त्यांनी ड्रिपची नळी टाकली, ती ओल्या हातातून सुटली. मग त्या स्वतःच उतरू लागल्या. मी ओरडलो, "उतरू नको!" एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात, हे आपण पेपरात कितीदा वाचलंय. पंपाचा सक्शन पाइप धरून लटकून राहिलो. शेजारच्या शेतातून दोर आला तेव्हा बाहेर निघालो.

२०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेत गावोगाव तळी झाली. पाण्याचं भलं झालं, पण बाहेर निघायची सोय किती जणांनी केली?

आम्ही काय केलं ते लिहितो:

१) ट्यूब अंगठीसारखी फुगेल इतकीच हवा भरली, दगडासारखी टणक नाही. उन्हात हवा फुगते.

२) ट्यूबचा पितळी व्हॉल्व्ह कागद फाडतो. त्यावर जुन्या मोटारसायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळली.

३) ट्यूबला जाड दोर, तळ्याच्या रुंदीपेक्षा लांब. हाताने ओढायच्या भागात फूट-फूटभर अंतरावर गाठी, ओला हात घसरू नये म्हणून. दुसरं टोक काठाबाहेरच्या पक्क्या खांबाला.

४) चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर कायमचे पाण्यापर्यंत सोडले. एकटा माणूस पडला तर ट्यूब फेकणार कोण? तेव्हा हे दोरच कामाचे.

५) ट्यूब माणसाच्या अंगावर फेकू नका. त्याच्या पलीकडे फेका आणि दोर ओढून हातापर्यंत आणा. फेकणारा काठावर बसून किंवा आडवा पडून ओढेल, उभा राहून नाही.

६) टांगायची ती सावलीत. ऊन लागलं की रबर चिरतं. दर पंधरा दिवसांनी हवा बघायची. पोरांनी ही ट्यूब खेळायला न्यायची नाही. आणि कुंपण हवंच, ट्यूब हा त्याला पर्याय नाही.

उरलेल्या ट्यूबच्या पट्ट्या मी टॉर्चला गुंडाळून ठेवतो. रात्रीच्या लाइटीवर पाणी भरताना पाइप गळला, तर ताणून, अर्धी पट्टी अर्धीवर चढवत गुंडाळायची. गळती तात्पुरती थांबते.

पण एक चूक आपल्याकडे अजून होते. साप चावला की हीच पट्टी हातापायाला आवळून बांधतात. कृपा करून बांधू नका. रक्त अडतं, अवयव कुजू शकतो, आणि पट्टी सोडल्यावर विष एकदम पसरू शकतं. चिरा मारू नका, चोखू नका. माणसाला धीर द्या, चालवू नका, चावलेला भाग काठी बांधून हलू देऊ नका, अंगठी-कडं काढा. १०८ ला फोन करा आणि सापाच्या विषावरची लस असलेल्या दवाखान्यात लवकर न्या.

आता आबाच दर पंधरवड्याला ट्यूब दाबून बघतात. भंगाराचं नाव काढत नाहीत.

आज संध्याकाळी शेतात चक्कर माराल तेव्हा आपल्या तळ्यावर उभं राहून एकच विचार करा: इथे मी पडलो, तर धरणार काय?