काट्यावरची भाषा

रात्री पावणेदोनला फोन आला. मी पुण्यात, काटा सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात. "सर, काटा चालू आहे, पण पावती निघंना." पलीकडे ट्रॅक्टरांची धडधड ऐकू येत होती. २०२०-२१चा गळीत हंगाम भरात होता. केनयार्डात गाड्या नंबरात उभ्या, तोडलेला ऊस तासातासाला वाळतोय, आणि भरल्या वजनाची पावती हातात पडल्याशिवाय गाडी गव्हाणीकडे सरकत नाही.

काट्याच्या इंडिकेटरमधून वजनाचा आकडा केबलने संगणकात येतो. माझा प्रोग्राम तो वाचून पावती छापायचा. त्या रात्री एक ट्रॉली काट्यावर नीट चढली नव्हती आणि इंडिकेटरने आकड्याऐवजी बिघाडाची अक्षरं पाठवली. अक्षरांचा आकडा होईना, म्हणून प्रोग्राम तिथंच थांबला.

तो पायथनमध्ये लिहिला होता. हंगाम तोंडावर होता, मला आठ दिवसांत काम उभं करायचं होतं आणि पायथनमुळेच ते झालं. अशी चूक झेलायची सोय त्या भाषेत आहे. मी ती वापरली नव्हती, दोष माझा. पण ती वापरलेली नाही, हे मला आधी कुणी सांगितलंही नाही. ती ओळ प्रत्यक्ष चालेपर्यंत पायथन गप्प असतो. लिहिताना जो वेळ वाचवला, तो केनयार्डात उभ्या असलेल्या माणसांनी भरून दिला. हे मला फार लागलं.

दुसरी अडचण आधीच येऊन गेली होती. काट्यावरच्या संगणकावर विंडोज ७ होतं, इंटरनेट नव्हतं. माझ्या लॅपटॉपवरचं पायथन ३.९ तिथं बसेचना, कारण विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती ३.८. तीही शोधायची, वर सिरियल पोर्ट वाचणारी लायब्ररी पेन ड्राइव्हवर न्यायची. अर्धा दिवस त्यात गेला होता.

पुढच्या हंगामाआधी मी दोन आठवडे रस्ट शिकून पाहिली. मेमरीच्या कितीतरी चुका ती भाषा प्रोग्राम तयार होण्याआधीच अडवते, त्याबद्दल मला आदर आहे. पण आकडा वाचून कागदावर छापण्याच्या कामाला ती शिस्त जड होती. मी गो निवडली. माझ्या लिनक्स लॅपटॉपवर बसून विंडोजसाठी एकच फाइल तयार केली, पेन ड्राइव्हवर नेली, ठेवली आणि ती चालली. आकडा वाचणारं प्रत्येक काम गोमध्ये उत्तराबरोबर चूकही हातात देतं. ती टाकून देता येते, पण डोळ्यांदेखत टाकावी लागते. त्या हंगामात काटा एकदाही अडला नाही.

नावं मात्र अडली. पावतीवर नावाच्या रकान्यात मी २० घरं ठेवली होती. 'ज्ञानेश्वर' हे नाव वाचणाऱ्याला चार अक्षरांचं. पायथन ते दहा मोजतो, कारण त्याच्या लेखी ज, त्याचा पाय मोडणारी खूण, काना, मात्रा सगळे सुटे. गो मोजते ३०, कारण ती बाइट मोजते आणि देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते. वीस बाइटांवर कापलं की 'ज्ञाने' उरतं आणि पुढे 'श'चा तुटका तुकडा चौकोन होऊन छापला जातो. गो घडवणाऱ्यांपैकी केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनीच १९९२मध्ये यूटीएफ-८ ही पद्धत बनवली होती, तेव्हा हा निष्काळजीपणा नव्हे. बाइट दाखवायचे हे त्यांनी ठरवून केलं. पायथनमध्ये हे नाव वीस घरांत पुरतं मावलं असतं, पण याहून लांब नाव जोडाक्षराच्या मधोमध कापलं गेलं असतं तर चौकोन आला नसता, तरी पाय मोडलेलं अक्षर लटकत राहिलं असतं. आमचं अक्षर दोन्ही भाषांना आपणहून कळत नाही. एका वयस्कर शेतकऱ्याने पावती खिडकीतून परत आत सरकवली. "नाव पुरतं लिहा. बिल त्याच्यावर निघतंय." शेवटी जोडाक्षर न तोडता कापणाऱ्या चाळीसेक ओळी मी स्वतः लिहिल्या.

पण गो निवडताना मी मोजलंच नव्हतं ते वेगळंच होतं. कारखान्याच्या संगणक विभागातले एक गृहस्थ, शिक्षणाने बी.कॉम., पहिल्या हंगामात स्वतःहून थोडं पायथन शिकले होते. पावतीवर वाहतूकदाराचं नाव त्यांनीच वाढवलं होतं, मला न विचारता, आणि नीट. दुसऱ्या हंगामात मजकुरातला एक शब्द बदलायचा तरी ते फोन करू लागले. मी विचारलं, "तुम्ही का नाही बदलला?" ते म्हणाले, "सर, आधीचं मी उघडून बघायचो. आता नुसती एक फाइल आहे. तिच्यात काय उघडू?"

गोचा मूळ मजकूर मी त्यांना देऊ केला. त्यांनी पाहिला आणि सभ्यपणे परत केला. त्यांचं बरोबर होतं. रोजची काट्याची कामं सांभाळून दुसरी भाषा शिकायला त्यांनी वेळ कुठून आणायचा? मला सोयीची ठरलेली भाषा त्यांच्या हातातून काम काढून घेत होती.

तिसऱ्या हंगामात मी दोन तुकडे केले. केबलवरून आकडा वाचणारा भाग गोमध्ये राहिला. पावती मांडणारा भाग, त्या चाळीस ओळींसकट, पुन्हा पायथनमध्ये आणला. दोन भाषा म्हणजे दोन ठिकाणी बिघडण्याची शक्यता, बसवायच्या दोन गोष्टी आणि पुन्हा ते जुनं ३.८. गोचा फायदाही कायमचा नव्हता. पुढे २०२३च्या ऑगस्टमध्ये आलेल्या १.२१ आवृत्तीने विंडोज ७ सोडलं. हे सगळं धरूनही मी तीच मांडणी ठेवली.

तिसऱ्या हंगामातल्या जानेवारीत काट्यावर गेलो तेव्हा खिडकीशी एक पावती पडलेली दिसली. तिच्यावर गट क्रमांकाची नवी ओळ होती आणि नावाचा रकाना रुंद झाला होता. मला कुणी फोन केला नव्हता.