फातोर्ड्याचे मैदान

राशोलच्या सेमिनरीत काही निमित्ताने जाणे झाले आणि परतीच्या गाडीला अवकाश असला, की आम्ही मडगावजवळच्या फातोर्ड्याला एक फेरी मारतो. तेथील पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियमभोवती घुटमळण्याची आमची ही खोड सोबतच्या धर्मगुरू बंधूंना थट्टेचा विषय वाटते. गोव्यात येऊन बासिलिकेत जावे, मैदान काय पाहायचे, असा त्यांचा सूर असतो. त्यावर आमचे उत्तर ठरलेले आहे. गोव्याला फुटबॉलचे वेड लावले तेच मुळी एका धर्मगुरूने. फादर विल्यम लायन्स यांनी 1883 साली शिवोलीत मुलांना हा खेळ शिकवला.

फातोर्ड्याचे मैदान उभे राहिले 1989 मध्ये, नेहरूंच्या जन्मशताब्दीच्या वर्षी. त्या एकाच वर्षात जानेवारीमध्ये नेहरू चषक फुटबॉल स्पर्धा मडगावला भरली व हंगेरीने ती जिंकली. पुढे 25 ऑक्टोबरला ऑस्ट्रेलिया आणि श्रीलंका हे संघ फातोर्ड्यात क्रिकेटसाठी उतरले, आणि ती स्पर्धाही नेहरू चषकाचीच होती. दोन खेळांना एक घर देण्यात काटकसर होती खरी. पण एकत्र कुटुंबात असतात तशा कुरबुरीही त्यात होत्या. क्रिकेटला मधोमध रोलर फिरवून घट्ट केलेली मातीची खेळपट्टी लागते. फुटबॉलपटूंच्या बुटांचे खिळे तीच उकरतात आणि तिच्यावर पडणाऱ्यांचे गुडघे सोलून निघतात. शिवाय क्रिकेटच्या विस्तीर्ण वर्तुळात फुटबॉलचा लांबट चौकोन आखला, की प्रेक्षक खेळापासून दूर फेकला जातो.

आमच्या मनात मात्र हे मैदान रुतून बसले ते 6 एप्रिल 2001 मुळे. भारत व ऑस्ट्रेलिया यांच्यातील मालिका दोन-दोन अशी बरोबरीत होती आणि निर्णायक सामना फातोर्ड्यात होता. आमच्या तेव्हाच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ आपल्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन कोकण रेल्वेने मडगावला गेले. प्रायश्चित्तकाळातला शुक्रवार होता. क्रूसाची वाट चुकवून चाललात, असे आम्ही त्यांना हसत म्हटलेही होते. त्या दिवशी बनावट तिकिटांवर इतकी माणसे आत शिरली, की खरी तिकिटे हातात असलेले शेकडो लोक बाहेरच राहिले, लाठ्याही चालल्या. लक्ष्मणने शतक काढले, बेव्हनने ऑस्ट्रेलियाला जिंकून दिले, आणि आमच्या या पितापुत्रांनी भिंतीपलीकडचा नुसता गलका ऐकला.

रविवारी मिस्सानंतर ते गृहस्थ सॅक्रिस्टीत आले. न फाडलेली दोन तिकिटे त्यांनी मेजावर ठेवली आणि विचारले, “फादर, पोरगा विचारतो, आपलीच तिकिटं खोटी होती का? त्याला काय सांगू?” आम्ही धर्मशास्त्र शिकलेले; शुभवर्तमानातील मेजवानीचा दाखला अनेकदा समजावून सांगितलेला. त्या दाखल्यात निमंत्रित येत नाहीत म्हणून रस्त्यावरच्यांना बोलावतात. येथे निमंत्रितच दाराशी ताटकळले होते. “तिकिटं खरी होती, एवढंच सांगा,” असे आम्ही म्हणालो. उत्तर तोकडे होते, हे आम्हाला तेव्हाही कळत होते. त्यांनी तिकिटे उचलली व आपल्या बायबलमध्ये ठेवली.

फातोर्ड्यातील आंतरराष्ट्रीय क्रिकेट पुढे फार टिकले नाही. 24 ऑक्टोबर 2010 रोजी तेथे पुन्हा ऑस्ट्रेलियाशीच सामना ठरला होता. पावसामुळे एकही चेंडू न टाकता तो रद्द झाला. धाकट्या भावाने न भांडता घर सोडावे, तसे झाले. लुसोफोनिया खेळांसाठी 2014 मध्ये मैदान नव्याने सजले, आणि तेव्हापासून तेथे फुटबॉलचेच राज्य आहे. 2015 च्या अंतिम सामन्यात गोव्याचा संघ नव्वदाव्या मिनिटापर्यंत पुढे होता आणि तरीही चेन्नईकडून हरला, हे मडगावकरांपुढे न काढलेले बरे.

मग 14 मार्च 2020 उजाडला. इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना याच मैदानावर झाला, पण करोनाच्या भीतीने एकाही प्रेक्षकाला प्रवेश नव्हता. 2001 मध्ये माणसे न मावल्याने दारे लागली होती, आता जागा असून लागली. दूरदर्शन संचावर त्या रिकाम्या खुर्च्या पाहताना आम्हाला काहीच उमगले नाही. महिनाभराने पास्काची मिस्सा आम्ही रिकाम्या बाकांपुढे अर्पण केली आणि “प्रभू तुम्हांबरोबर असो” म्हटल्यावर प्रतिसाद आला नाही, तेव्हा उमगले. त्याच वर्षी ते गृहस्थ वारले. नियमाप्रमाणे वीसच माणसे कबरस्थानात आली. बाकीचा गाव फाटकाबाहेर उभा होता.

त्यांच्या मुलाने बायबल आम्हाला दाखवले. तिकिटे होती तेथेच होती, शाई मात्र पुसट झाली होती.

20 मार्च 2022 रोजी, प्रायश्चित्तकाळातल्या तिसऱ्या रविवारी, फातोर्ड्यात हैदराबाद आणि केरळ यांचा अंतिम सामना झाला. प्रेक्षकांना पुन्हा प्रवेश मिळाला होता, आणि केरळच्या पाठीराख्यांनी सारे मैदान पिवळे करून टाकले. नोकरीनिमित्त मडगावात राहणारा तो मुलगाही गेला होता. रात्री पेनल्टींवर निकाल लागताच त्याने मैदानातूनच आम्हाला फोन केला. आत एवढा कल्लोळ चालला होता, की “फादर” या पहिल्या शब्दापलीकडे आम्हाला काहीही ऐकू आले नाही.