सुईआधी गुडघा

उल्हासनगर, कॅम्प नं. ३

चि. छकुली,


सोमवारपासून तुझी ड्यूटी लेबर रूममध्ये लागली, असं वहिनीनं कळवलं. म्हणून फक्त मॅगसल्फविषयी लिहिते.

बाळंतपणाच्या सुमारास बीपी चढून झटके येतात, त्यावर मॅग्नेशियम सल्फेटइतकं भरवशाचं दुसरं औषध नाही. २००२च्या 'मॅगपाय' चाचणीत ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायका होत्या. औषध मिळालेल्यांत झटक्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. पण वाचवणारी मात्रा आणि श्वास थांबवणारी मात्रा यांत अंतर थोडंच आहे. रक्तात लिटरमागे ४ ते ७ मिलिइक्विव्हॅलंट हवं. १०च्या आसपास गुडघ्याचा जर्क जातो, त्यापुढे श्वास मंदावतो. म्हणजे गुडघा आधी सांगतो, छाती नंतर.

म्हणून सिस्टर प्रत्येक डोसआधी तीन गोष्टी बघते. हातोडी मारल्यावर पाय उडतो का? मिनिटाला किमान १६ श्वास आहेत का? आणि मागच्या ४ तासांत पिशवीत निदान १०० मिलि लघवी जमली का? मॅग बाहेर पडतं ते मूत्रपिंडातून, आणि नेमका हा बीपीचा आजारच मूत्रपिंडाला मंद करतो. कालचा योग्य डोस आज जास्त होतो तो असा.

पहिल्या डोसला अंग तापल्यासारखं वाटतं, मळमळतं, ते नेहमीचंच. पण जीभ जड झाली, एकाचे दोन दिसू लागले, मान सावरेना, तर थांबायचं. खरी फसगत होते ती गुंगीत. झटका येऊन गेलेली बाईही सुस्त पडते आणि मॅग जास्त झालेलीही. पहिलीचा पाय बहुधा जोरात उडतो, दुसरीचा हलत नाही. कमरेतून भूल दिली असेल तर मात्र गुडघ्यावर विसंबू नये, कोपराचा जर्क बघावा.

आपल्याकडे अंबरनाथ, बदलापूर, मुरबाडच्या बायका चिठ्ठी घेऊन मोठ्या रुग्णालयात येतात. उपकेंद्रातल्या एएनएमनं दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम देऊन पाठवायचं, अशी सरकारी सूचना आहे, आणि ती योग्यच आहे. पण रिक्षातून उतरलेल्या बाईची चिठ्ठी न वाचता इथे पुन्हा पूर्ण डोस चढवला तर? आधी चिठ्ठी, वेळेसकट. चिठ्ठी नसेल तर नातेवाइकांना विचार, कुल्ल्यावर सुईची खूण बघ.

प्रिचर्ड यांची जुनी पद्धत, सुरुवातीला १४ ग्रॅम आणि मग दर ४ तासांनी ५, अमेरिकेतल्या डॅलसची. सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये भारतीय बायकांसाठी कमी मात्रा मांडली: आधी ४ ग्रॅम शिरेतून, मग दर ३ तासांनी २. आपल्या बायका अंगानं लहान, हा विचार त्यामागे होता. मला तो फार मोलाचा वाटतो. तरी तुझ्या वॉर्डात जी पद्धत ठरली असेल तीच पाळ, मनानं बदलू नकोस.

आणि ट्रेमध्ये कॅल्शियम ग्लुकोनेट हवंच: १० टक्क्यांचं १० मिलि, शिरेतून, सावकाश. जर्क गेला की मॅग बंद कर, डॉक्टरांना हाक मार. श्वास मंदावला तर श्वास देणारी अंबू बॅग हातात, कॅल्शियम लगेच.

रविवारी येशील तेव्हा माझी हातोडी घेऊन जा. रबर नवं बसवून ठेवलंय.

तुझी,
आत्या