पावसातली मुभा

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. त्यातही अब्बांचा शुक्रवारचा जुम्मा कधी चुकला नाही. छत्री उलटली तर बगलेत मारायची, पँट पोटरीपर्यंत दुमडायची आणि मशीद गाठायची. त्यामुळे मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे मशिदीतली जमात, म्हणजे सामूहिक नमाज, बंद झाली, तेव्हा आपल्या हातून फर्ज सुटतंय या विचाराने ते दोन वेळा जेवले नाहीत.

खरं तर शरीयतने घरी नमाज पढण्याची मुभा फार आधी देऊन ठेवली आहे, तीही पावसातच. सहीह बुखारी या हदीससंग्रहात पैगंबरांचे सहकारी इब्न अब्बास यांची हकीकत येते. जुम्म्याचा दिवस, पाऊस, चिखल. त्यांनी अजान देणाऱ्याला सांगितलं की लोकांना नमाजाला बोलावू नकोस, घरीच पढायला सांग. ऐकणारे चक्रावले. त्यावर त्यांचं म्हणणं असं की जुम्मा फर्जच आहे, पण तुम्हाला चिखलातून घसरत यायला लावणं मला नको वाटलं. साथीच्या गावात जाऊ नका, तिथे असाल तर बाहेर पडू नका, हेही पैगंबरांनी सांगून ठेवलेलं. चिखलासाठी एवढी सवलत, तर जिथे शेजाऱ्याच्या श्वासाचीच धास्ती, तिथे घरी थांबणं हीच इबादत. जुम्म्याऐवजी जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजाच्या, चार रकात. अब्बांना हे पटायला रमजान उजाडावा लागला. आजूबाजूलाही अशीच वाट काढली जात होती: त्याच उन्हाळ्यात पुण्याच्या आझम कॅम्पस शिक्षणसंकुलाने मशिदीचा मजला विलगीकरणासाठी देऊ केला आणि पुढे आषाढीसाठी देहूतून तुकोबांच्या पादुका पायी वारीऐवजी एसटीने पंढरपूरला गेल्या.

२५ एप्रिलला पहिला रोजा. रात्री सोफा भिंतीला लावून हॉलमध्ये चादरी अंथरल्या. धाकटा भाऊ इमाम, त्याच्या मागे अब्बा, आणि त्यांच्या मागे अम्मी, वहिनी, मी. अम्मीने जन्मभर तरावीह, रमजानमधली रात्रीची नमाज, स्वयंपाकघराच्या दाराशी एकटीने पढली होती. आता ती जमातीत होती. नमाज संपल्यावर ती भावाच्या तिलावतीतल्या चुका काढायची. तिला त्याच्यापेक्षा जास्त सूरा पाठ!

१६ नोव्हेंबरला मशिदी उघडल्या. पुरुष गेले, अम्मी पुन्हा दाराशी.

हे मला सलतं. बायकांनाही मशिदीत नमाज पढू द्यावी म्हणून पुण्याच्याच एका दांपत्याने २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालय गाठलं. बायकांना मशिदीत नमाजाची परवानगी आहे, असं मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने जानेवारी २०२० मध्ये तिथे प्रतिज्ञापत्रावर सांगितलं. म्हणजे इथे सवलत शोधण्याचीही गरज नाही. हवी आहे एक वेगळी वाट, वजूसाठी दोन नळ आणि एक पडदा. पुढच्या रमजानआधी एवढं व्हावं, म्हणून अब्बांनी कमिटीपुढे विषय काढावा असं मी त्यांच्या मागे लागले आहे.