हयातीचा दाखला

पेशवाईच्या काळापासून झाशीत मराठी घरे आहेत. त्यांतील वृद्धांच्या जिभेवर तीन भाषा सहज नांदतात: घरात मराठी, बाजारात बुंदेली आणि कागदपत्रांत हिंदी. अभ्यागत प्राध्यापक म्हणून येथे आल्यावर यांतील काहींना स्मार्टफोन शिकविण्याचे काम माझ्याकडे ओघाने आले. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला ते परके वाटू नये. कारण फोनचा पडदा ही त्यांच्यापुढे आलेली चौथी भाषा आहे. तिची चिन्हे सांगता येतात. त्यांमागील हेतू मात्र समजावून द्यावा लागतो.

निवृत्तिवेतनधारकाला दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. ‘हयात’ आणि ‘दाखला’ हे दोन्ही शब्द मुळात अरबी. आपण ते केव्हाच घरचे केले. सरकारी हिंदीने मात्र ‘जीवन प्रमाण’ हे संस्कृत नाव पसंत केले. २०१४ मध्ये या नावाची योजना सुरू झाली आणि २०२१ पासून फोनपुढे चेहरा धरूनही दाखला देता येऊ लागला.

रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा असेच फोनपुढे ताठ बसले होते. पडद्यावर पापण्या मिटण्याची सूचना आली, तरी ते डोळे विस्फारूनच होते. फोटोत डोळे मिटू नयेत, हा त्यांचा जन्माचा संस्कार. मी म्हटले, “आजोबा, फोटोला पापणी लववता येत नाही. समोर फोटो नसून माणूस आहे, एवढीच त्याला खात्री हवी आहे.” ते हसले आणि त्यांनी पापण्या लवविल्या. कारण कळताच हुकमाची विनंती झाली.

घरची तरुण मंडळी बहुधा फोन हातातून घेतात आणि क्षणात काम उरकून देतात. काम होते, शिकणे राहते. पैशांच्या व्यवहारात हे परावलंबन महागात पडते. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीही लागत नाही, हे मी एका काकूंना सांगितले. त्या म्हणाल्या, “म्हणजे तिजोरी देणाऱ्याने उघडायची, घेणाऱ्याने नव्हे!” इतके नेमके भाषांतर मला सुचले नसते.

अशा माणसांना आपण ‘अंकीय निरक्षर’ म्हणून मोकळे होतो. वस्तुतः त्यांचे थबकणे हे अर्थ लागेपर्यंत पुढे न जाणाऱ्या वाचकाचे थबकणे असते. स्वतःच्या हयातीची साक्ष स्वतःच्या हाताने देता येणे, हा त्यांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. शिकविणाऱ्याने आपला हात आवरावा आणि जीभ सैल सोडावी, हे बरे.