मागचा ब्रेक

आमच्या धाकट्याने दोन वर्षे पगारातून पैसे साठवून एक जुनी डुकाटी मॉन्स्टर घेतली. ही कंपनी इटलीतल्या बोलोन्या शहरातली. गाडी लाल, आणि आवाज असा की ती गल्लीच्या तोंडाशी वळली तरी वरच्या मजल्यावर त्याच्या दादींना कळते. अशा गाडीबद्दल घरात दोन मते असतात, एक तरुणांचे आणि दुसरे बाकी सगळ्यांचे. मी बाकी सगळ्यांत होतो. पण गाडी दारात आलीच आहे, तर तिच्यावर कुरकुरत बसण्यापेक्षा ती धड चालेल हे पाहणे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

अडचण मागच्या ब्रेकची होती. पेडल स्पंजासारखे मऊ. पायाने दाबले की खाली जाऊन टेकायचे आणि चाक मात्र फिरतच राहायचे. धाकटा म्हणे, "अब्बा, या गाड्यांचा मागचा ब्रेक असाच असतो. सगळे पुढच्यावरच चालवतात."

यात अर्धे खरे आहे. ब्रेक लावला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके पडते. म्हणून पुढे ३२० मिलिमीटरच्या दोन डिस्क आणि मागे २४५ मिलिमीटरची एकच. वेगातली गाडी थांबवण्याचे बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. मागचा मुद्दाम सौम्य ठेवलेला असतो, नाहीतर हलके झालेले चाक जाम होऊन गाडी मागून घसरते.

उरलेले अर्धे घाटात कळते. आम्ही कोंढव्याला राहतो आणि मोठी मुलगी सासवडला दिली आहे. मध्ये बोपदेव घाट. चढावर पुढची गाडी थांबली की आपणही थांबतो, आणि परत निघताना उजव्या हाताला अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा असतो. त्याच हाताने पुढचा ब्रेक धरून ठेवणे सोपे नाही. तेव्हा गाडी तोलून धरायची ती उजव्या पायाने. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी धाकटा त्याच्या अम्मीला मागे बसवून बाजीकडे निघाला होता. चढावर गाडी हातभर मागे सरकली, आणि मागे टेम्पो उभा होता. टेम्पोवाल्याने अंतर ठेवले होते म्हणून निभावले, अल्हम्दुलिल्लाह. पण अम्मी परतताना बसने आली आणि पुन्हा त्या सीटवर बसायला तयार होईना. सासवडला जाणे कमी झाले. नातवंडे फोनवर विचारू लागली, "नानी कधी येणार?"

शहरातल्या एका मोठ्या गॅरेजने मास्टर सिलिंडर आणि कॅलिपर दोन्ही बदलायला सांगितले. आकडा ऐकून धाकट्याचा चेहरा उतरला. मी म्हटले, आधी रोग कळू दे.

पिंपरीच्या एका कारखान्यात मी तीस वर्षे हायड्रॉलिक प्रेसची देखभाल केली. प्रेस काय आणि ब्रेक काय, तत्त्व एकच. तेल दाबून आकसत नाही, हवा आकसते. पाइपात हवेचा बुडबुडा असेल तर पायाचा जोर तो बुडबुडा आकसण्यातच खर्च होतो, पॅडपर्यंत पोहोचतच नाही. पेडल भरभर पाच-सहा वेळा मारून पाहिले तर ते कडक झाले, आणि थोडा वेळ सोडल्यावर पुन्हा मऊ. म्हणजे हवा. कडक झालेले पेडल तसेच दाबून धरले तर हळूहळू खाली बसत नव्हते, आणि कुठे ओलही नव्हती. म्हणजे मास्टर सिलिंडरचे रबर शाबूत. दोन मिनिटांची ही परीक्षा कोणीही करू शकतो आणि तिला पैसे लागत नाहीत.

मग हवा आजवर निघाली का नाही? आमच्या गाडीत मागचा कॅलिपर स्विंगआर्मच्या खाली लटकतो. हवा काढायचा निप्पल त्यामुळे सर्वांत उंच जागी येत नाही, आणि बुडबुडा तर नेहमी उंच जागा धरून बसतो. कॅलिपर जागेवर ठेवून बाटलीभर तेल ओतले तरी तो हलत नाही. आधीच्या मालकाकडे हेच होत आले असावे.

रविवारी सकाळी बापलेक अंगणात बसलो. कॅलिपरचे दोन बोल्ट काढून तो डिस्कवरून सोडवला आणि पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीची लाकडी पट्टी सरकवली. हे विसरायचे नाही, नाहीतर पेडल दाबल्यावर पिस्टन बाहेर येतात. मग पाइपाला पीळ न देता धाकट्याने कॅलिपर निप्पल वर करून उंच धरला. निप्पलला पारदर्शक नळी लावली आणि तिचे टोक थोडे तेल घातलेल्या बरणीत बुडवले. मी पेडल दाबून धरायचे, त्याने निप्पल उघडून बंद करायचा, मग मी पाय सोडायचा. हा क्रम चुकला तर हवा उलटी आत येते. टाकीतले तेल संपू द्यायचे नाही. पाइपाला मधूनमधून पान्याच्या दांड्याने हलके टिचक्या मारल्या. नवव्या-दहाव्या वेळी नळीतून बुडबुड्यांची माळ निघाली, आणि पाठोपाठ चहासारखे काळपट तेल.

तेल डॉट ४ चे. ते हवेतली ओल शोषते. नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओल शोषलेल्याचा १५५ पर्यंत उतरू शकतो. घाट उतरताना ब्रेक तापला की असे तेल उकळून पाइपात वाफ धरते. म्हणून दोन वर्षांनी तेल बदलावे, आणि कधीची फोडलेली बाटली स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवावा. टाकीवर पडलेल्या एका थेंबासाठी धाकटा जेवढा धावला तेवढा मी त्याला शाळेच्या बसमागेही धावताना पाहिला नव्हता.

पॅड झिजले नव्हते, पण काचेसारखे गुळगुळीत झाले होते. सपाट जागी पॉलिश पेपर ठेवून ते हलके घासले आणि डिस्क ब्रेक क्लीनरने पुसली. पेडलला थोडी मोकळी चाल ठेवली. ती नसेल तर तेल परत फिरत नाही, पॅड डिस्कला चिकटून राहतात आणि ब्रेक आपोआप आवळत जातो. बोल्ट पुस्तिकेतल्या मापाने टॉर्क पान्याने आवळले. गंमत म्हणजे ब्रेकवर नाव ब्रेम्बोचे. ही कंपनीही इटलीचीच, पण तिचा कारखाना आपल्या चाकणलाही आहे.

एकूण खर्च तेलाची एक बाटली, हातभर नळी आणि क्लीनर एवढाच.

पेडल आता अर्ध्यातच कडक लागते. तरी हा ब्रेक पुढच्यासारखा चावणार नाही, हे धाकट्याला बजावून सांगितले. आधी मोकळ्या मैदानात हळू वेगात चालवून पाहिली, नंतर तो एकटाच घाट चढून आला. अम्मीने गाडी उतारावर उभी करायला लावली, मला पेडल दाबायला लावले, आणि स्वतः मागून ढकलून पाहिली. गाडी हलली नाही. दुसऱ्या आठवड्यात ती खिम्याचे समोसे घेऊन सासवडला गेली.

परत आल्यावर तिने लोणच्याची बरणी मागितली, ज्यात आम्ही जुने तेल घेतले होते. ते तेल विषारी असते. बरणी परत स्वयंपाकघरात जाणार नाही, हे मी तिला सांगितले आहे. नवीन बरणी धाकट्याने आणायची ठरली आहे, अजून आलेली नाही.