बोस्फोरसचा पूल, सफा-मरवाची वाट

आमच्या प्रवासाची सुरुवात विमानतळावर झाली नाही, रत्नागिरीच्या भाट्ये पुलावर झाली. पाच वर्षांपूर्वी ह्यांच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, गोळी चालू ठेवा आणि रोज चाला. फजरची नमाज झाली की आम्ही दोघे घराबाहेर पडू लागलो. आधी पुलापर्यंत, मग पूल ओलांडून समुद्रकिनाऱ्यापर्यंत. चालण्याचं धावणं कधी झालं ते आमचं आम्हालाच कळलं नाही. सैल कुर्ता, सलवार आणि डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ अशा वेशात शाळेतली बाई पहाटे पळते, याची मोहल्ल्यात काही दिवस कुजबुज झाली. मग लोकांना सवय झाली. रोज किती धावलो ते एका वहीत लिहून ठेवायचं, हा नियम तेव्हापासूनचा. हा लेख त्याच वहीतून उतरवला आहे.

उमराहसाठी आम्ही बरीच वर्षं पैसे साठवत होतो. तिकिटांची चौकशी करताना कळलं की इस्तंबूलमार्गे मदीनेला जाता येतं, आणि इस्तंबूलची मॅरेथॉन नोव्हेंबरच्या सुरुवातीला असते. दिवाळीच्या सुट्टीला जोडून रजा मिळत होती. दोघांची नावं नोंदवली. अम्मींना, म्हणजे सासूबाईंना, सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अल्लाहच्या घरी जायचंय ना? मग सरळ जा. वाटेत हा खेळ कशाला?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. सगळा प्रवासभर तो प्रश्न आमच्याबरोबर होता.

इस्तंबूल, शनिवार

छातीवर लावायचे क्रमांक घेतले आणि दुपारी अय्यूब सुलतानला गेलो. ह. अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांची मजार इथे आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) हिजरत करून मदीनेत आले तेव्हा त्यांची उंटीण ज्यांच्या घराजवळ बसली आणि ज्यांना त्यांच्या पाहुणचाराचा मान मिळाला, तेच हे सहाबी. पुढे उतारवयात ते या शहराच्या वेढ्यात सामील झाले आणि इथेच त्यांचं निधन झालं. 1453 मध्ये उस्मानी तुर्कांनी शहर जिंकलं आणि त्यानंतर त्यांच्या कबरीशेजारी मशीद उभी राहिली. आवारात चिनाराची जुनी झाडं, कबुतरं, आणि सुंता व्हायची असलेली, राजपुत्रासारखा पांढरा पोशाख घातलेली पोरं. फातिहा पढून बाहेर आलो तेव्हा हे म्हणाले, "मदीनेत पाहुणचार करणारा माणूस इथे, आणि आपण इथून मदीनेला चाललोय." अम्मींच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे मिळाल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी नियमाप्रमाणे लवकर जेवून झोपायचं होतं. पण घाटावर तिळाचा सिमित आणि काचेच्या छोट्या पेल्यातला कोरा चहा घेत बसलो. समोर युरोपातून आशियात बोटी जात होत्या, आपल्याकडे खाडीतून तर जावी तशा. भाडं देऊन माणसं दप्तरं, पिशव्या घेऊन चढत होती. दोन खंडांमधला प्रवास इथे रोजच्या ऑफिसाचा रस्ता आहे.

रविवार, दौडीचा दिवस

नोव्हेंबरात इथे सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो. अंधारातच फजर पढून बसने आशियाच्या बाजूला गेलो. ही दौड 1979 पासून होते. आशियात सुरू होऊन युरोपात संपते, म्हणून जगभरचे धावपटू इथे येतात. सुरुवातीलाच बोस्फोरसचा पूल लागतो. 1973 मध्ये बांधून झालेला, साधारण दीड किलोमीटर लांबीचा. 2016 नंतर त्याला 15 जुलै शहीद पूल म्हणतात. एरवी त्यावर पायी जायला परवानगी नाही. वर्षातून हा एक दिवस तो पायांसाठी मोकळा होतो.

मॅरेथॉनबरोबर सामान्य लोकांचीही दौड असते. म्हातारे, बाबागाडीतली मुलं, झेंडे घेतलेली पोरं, सगळे लोटले होते. आमच्या एका बाजूला अर्ध्या चड्डीतली मुलगी, दुसऱ्या बाजूला हिजाबमधली पन्नाशीची बाई. कोणी कोणाच्या कपड्यांकडे बघत नव्हतं. हजारो पावलांनी पूल पायाखाली किंचित हलत होता. खाली निळं पाणी, त्यावर तेलाची जहाजं, दोन्ही तीरांवर मिनार. भाट्ये पुलाची आठवण झाली आणि हसूही आलं. तिथे खाली मासेमारीच्या होड्या असतात.

पूल संपला, उतार लागला. बेशिकताश, मग दोल्माबाहचे राजवाडा, मग गलाता पूल. पुलावर गळ टाकून बसलेले लोक आमच्याकडे पाठ करून माशांची वाट बघत होते. तिथपर्यंत आम्ही मजेत होतो. त्यानंतर मार्माराच्या किनाऱ्याचा लांबलचक रस्ता आला. एका बाजूला शहराचा जुना तट, दुसऱ्या बाजूला समुद्र, समोरून परत येणारे वेगवान धावपटू.

31 किलोमीटरच्या पाटीपाशी ह्यांनी काहीतरी विचारलं. शब्द नीट कळले नाहीत. पुन्हा विचारलं तर उत्तर भलतंच आलं. हात हातात घेतला, तो थंडगार आणि घामाने चिंब. साखर उतरली होती.

चूक आमचीच. सकाळी सवयीने पूर्ण गोळी घेतली आणि धावायचं म्हणून नाश्ता निम्मा केला. खिशातले खजूर 25 व्या किलोमीटरपर्यंत संपवून टाकले होते. दौडीच्या दिवशी गोळीचं काय करायचं, हे डॉक्टरांना विचारायला हवं होतं. ते राहून गेलं.

ह्यांना तटाच्या कडेला बसवलं. रस्त्याच्या कडेला टाळ्या वाजवत उभी असलेली एक वयस्क बाई धावत आली. तिला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला तिची. बोट दाखवून आम्ही फक्त "शेकर, शेकर" म्हणालो. हा शब्द आदल्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर शिकलो होतो. तिने थर्मास आणि पिशवी उघडून साखरेचे चौकोनी खडे ह्यांच्या तोंडात एकेक करून घातले, आईने भरवावं तसे. वीस मिनिटांत चेहऱ्यावर रंग आला. मदतीला आलेल्या डॉक्टर मुलीने रक्त तपासलं आणि मान हलवली. आता धावायचं नाही.

हे म्हणाले, "तुम्ही जा. निदान एकाचं तरी पूर्ण होईल." पाय चांगले होते, 11 किलोमीटर उरले होते, वेळही होती. खोटं कशाला सांगावं, क्षणभर मन त्या रस्त्याकडे ओढलं. चार वर्षांच्या पहाटा त्या 11 किलोमीटरमध्ये होत्या. मग वाटलं, धावायला सुरुवात कशासाठी केली होती? ह्यांच्या साखरेसाठीच ना? मग ह्यांना तटाशी टाकून पुढे कुठे जायचं?

मागून येणाऱ्या बसमध्ये दोघेही चढलो. आत बरीच माणसं होती, सगळी खिडकीबाहेर बघत गप्प. दौड जिथे संपते त्या सुलतानअहमद चौकात बसने आलो. गळ्यात पदकं घातलेले लोक फोटो काढत होते. जोहरची वेळ अजून शिल्लक होती. सहा मिनारांच्या सुलतानअहमद मशिदीत जाऊन नमाज पढलो. सज्द्यात गुडघे एवढे दुखले की उठायला खांबाचा आधार घ्यावा लागला. वहीत त्या रात्री लिहिलं: 31. पूर्ण नाही.

मदीना, शनिवार

मधले दिवस पाय बरे होण्यात गेले. बुधवारी मदीनेला पोहोचलो. मस्जिदे नबवीत पहिला सलाम पेश करताना काय झालं ते लिहिण्याजोगं नाही, ते ज्याचं त्याचंच.

प्रेषित (सल्ल.) शनिवारी कुबाच्या मशिदीत जात, कधी पायी, कधी स्वारीवर. आम्हीही शनिवारी पायी निघालो. तीन-साडेतीन किलोमीटरचा रस्ता, हळूहळू चाललो. ह्यांच्या खिशात या वेळी खजूर, साखर आणि तपासायचं यंत्र होतं.

चालताना दोन गोष्टी आठवत होत्या. एक, ह. आयेशा (रजि.) यांची. प्रवासात प्रेषितांनी (सल्ल.) त्यांच्याशी धावण्याची शर्यत लावली आणि त्या जिंकल्या. पुढे पुन्हा शर्यत झाली तेव्हा प्रेषित (सल्ल.) जिंकले आणि आधीची परतफेड झाली म्हणून हसले. दुसरी, ह. सलमा बिन अकवा (रजि.) यांची. ते इतके चपळ की उंट पळवून नेणाऱ्या टोळीचा एकट्याने पायी पाठलाग केला. धावणं म्हणजे फक्त खेळ असं आम्हीही मनात धरून चाललो होतो. पण नवरा-बायकोचं हसतखेळत धावणंही आपल्या घराण्याच्या परंपरेत आहेच की.

मक्का, सोमवार रात्र

अबयार अलीच्या मीकातवर एहराम बांधून, नियत करून बसने मक्केला आलो. इशानंतर तवाफ केला, जमजम प्यायलो आणि सफावर चढलो.

सफा ते मरवा सात फेऱ्या, मिळून सुमारे तीन किलोमीटर. आता तिथे संगमरवर आहे, थंड हवा आहे. ह. हाजरा (अलै.) धावल्या तेव्हा तापलेले दगड होते आणि तहानलेलं बाळ. दोन टेकड्यांच्या मध्ये खोलगट जागा होती. तिथे उतरल्यावर बाळ दिसेनासं व्हायचं, म्हणून तेवढ्या भागात त्या धावायच्या, असं सांगतात. आज त्या भागाच्या दोन्ही टोकांना हिरवे दिवे आहेत. पुरुष तिथे पावलं झपाझप उचलतात. स्त्रियांनी मात्र आपल्या चालीनेच जायचं.

धावली होती एक आई. तिच्या मागोमाग तिथे आजवर असंख्य पुरुष धावले. हिरवा दिवा आला की हे पुढे जायचे, दुसऱ्या दिव्याशी थांबून वळून बघायचे. रविवारी तटाशी बसलेला माणूस पांढऱ्या चादरीत दुडुदुडु पळताना बघून डोळे भरून आले. चौथ्या फेरीनंतर बसलो, साखर तपासली, खजूर खाल्ला. सईमध्ये दमल्यावर थांबायला मुभा आहे, हे किती जणांना ठाऊक असतं? मधुमेह असलेल्यांनी तर उमराहला निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून गोळी, जेवण आणि चालणं यांचा मेळ घालून घ्यावा. आम्ही तो धडा फार लांब जाऊन शिकलो.

मरवावर सातवी फेरी संपली. पाणी सफावर मिळालं नव्हतं, मरवावरही नाही. ते निघालं बाळाच्या टाचांपाशी, जिथून आई धावायला निघाली होती तिथेच. पण म्हणून तिचं धावणं वाया गेलं असं कोण म्हणेल? आमच्या राहिलेल्या 11 किलोमीटरबद्दलची खंत तिथे पहिल्यांदा हलकी झाली.

घरी

अम्मींनी किब्ल्याकडे तोंड करून जमजम प्यायलं, दुआ केली आणि विचारलं, "सगळं नीट पार पडलं?"

"उमराह पूर्ण झाला, अम्मी. दौड राहिली." मग सगळं सांगितलं, साखरेच्या खड्यांसकट. त्या बाईचं नाव आम्ही विचारलंच नाही हे ऐकून त्या रागावल्या. "तिच्यासाठी दुआ तरी मागितलीत का?" मागितली होती, मुलतजमपाशी.

थोडा वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "परत जाणार का त्या पुलावर?"

"इन्शाअल्लाह."

"जा. पण आधी त्या डॉक्टरला गोळीचं विचार."